स्टेम सेलसाठी वावर विकायचं का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी बापाचा प्रश्न आहे. मुलगा सात वर्षांचा, ऑटिझम आहे, बोलत नाही. चार एकर कोरडवाहू, त्यात पऱ्हाटी आणि तूर. शहरातला एक दवाखाना स्टेम सेल उपचाराचे, म्हणजे शरीरात मूळ पेशी सोडण्याचे, सहा लाख सांगतो. एक एकर विकू का? नाहीतर तो एकर पोराच्या नावावर करून देऊ? ‘उद्या कोणी म्हणू नये, बापानं वावर धरून ठेवलं आन् पोराले सोडलं.’

भाऊ, दोन्ही करू नका. स्टेम सेलनं ऑटिझम बरा होतो असा पुरावा नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळानंही २०२२ मध्ये सांगितलं, की ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही. तुम्हीच लिहिलंय, वेचणीच्या दिवसांत पोरगा गंजीजवळ बसून कापसातली सरकी चाचपतो, आणि हल्ली ‘पाणी’ म्हटलं की बाटली आणून देतो. हे त्याच्या आईनं घरी रोज करून घेतलं म्हणून आलं. पैसा लावायचा तो इथं.

जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (मुलांच्या वाढीतल्या अडचणींसाठीचं सरकारी केंद्र) थेरपी मोफत असते, आशाताईंना पत्ता विचारा. पण तिथं जायच्या दिवशी एकाचा रोज बुडतो आणि एसटीचं भाडं लागतं. खरा खर्च हाच आहे. तुरीचा चुकारा हातात आला की कृषी केंद्राची उधारी फेडताना वर्षभराचे हे पैसेही त्याच दिवशी बाजूला काढा. दिव्यांगांसाठीच्या सरकारी ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीही येते. आधी आपण भरायचं, मग परतावा मिळतो, म्हणून प्रत्येक बिल जपा.

अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलाच्या नावावर जमीन केली, तर अडीअडचणीला विकायला कोर्टाची परवानगी लागते. तो १८ वर्षांचा झाला की कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करा. तोवर सातबारा तुमच्याच नावावर राहू द्या.

मला जास्त काळजी तुमचीच वाटते, कारण घर तुमच्या एकट्याच्या कमाईवर आहे. वय पन्नाशीच्या आत असेल तर बँकेत वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवनज्योती विमा घ्या, २० रुपयांत अपघाताचा सुरक्षा विमाही घ्या. रक्कम मोठी नाही, पण हप्ता चुकवू नका.

पुढे मोठी मुलगी भावाला पाहील, असं तुम्ही धरून चाललात. तिला एकदा समोर बसवून विचारा. ती हो म्हणाली तर वकिलाकडून मृत्युपत्र करा, त्यात पोराचा वाटा आणि तो सांभाळणाऱ्याचं नाव स्पष्ट लिहा. पण सगळ्यांत आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणि स्वावलंबन कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा. त्याशिवाय निरामयचा अर्ज पुढे जात नाही.