सूज आहे म्हणून ऑपरेशन थांबवलंय, हे बरोबर आहे का?

प्रश्न: डॉक्टर, द्वारकेच्या चौकात मिस्टरांची गाडी स्लिप झाली आणि नडगीचं हाड घोट्याच्या चार बोटं वर मोडलं. डॉक्टर म्हणतात आठ दिवस सूज उतरू द्या, मग दोन छोट्या चिरा देऊन प्लेट सरकवू. घरचे म्हणतात थांबायचं कशाला, आणि एवढ्याशा चिरेतून हाड बसणार कसं? दिंडोरीला द्राक्षबाग आहे, ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय.
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर: ताई, तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे, पेशंट उगाच दुसऱ्या हॉस्पिटलात हलवू नका. स्वतःच्या नडगीवर हात ठेवून बघा, कातडीखाली लगेच हाड लागतं, मध्ये मांस नाहीच. सुजलेल्या कातडीला चिरा दिला तर जखम भरत नाही, कडा काळ्या पडतात, प्लेट उघडी पडून इन्फेक्शन होऊ शकतं. सूज उतरली की कातडीला बारीक सुरकुत्या पडतात, त्याचीच आम्ही वाट बघतो, कधी पाच-सहा दिवस तर कधी दोन आठवडेही. तोवर पाय स्लॅबमध्ये, म्हणजे अर्ध्या प्लास्टरमध्ये, आणि उशीवर उंच.

आता छोट्या चिरेचं. हाडावर एक पातळ आवरण असतं, त्यातून हाडाला रक्त मिळतं आणि नडगीच्या खालच्या भागात रक्तपुरवठा आधीच कमी. पूर्ण उघडून आवरण खरवडलं की हाड जुळायला आणखी उशीर. म्हणून आधी पाय ओढून हाड सरळ करायचं, सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच एक्स-रे दाखवणाऱ्या मशीनवर, बघत प्लेट कातडीखालून सरकवायची आणि बारीक भोकांतून स्क्रू लावायचे. लॉकिंग स्क्रू प्लेटमध्येच घट्ट बसतो, त्यामुळे प्लेट हाडावर दाबून बसवावी लागत नाही. पण हाड डोळ्याला दिसत नसल्याने पाऊल बाहेर किंवा आत वळलेलं राहू शकतं, तेव्हा दुसऱ्या पायाशी ताडून बघणार ना, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

छाटणी यंदा दुसऱ्या कुणाला तरी सांगा. साधारण सहा आठवडे वॉकर, पायावर वजन नाही, पुढचं एक्स-रे बघून. हाड पक्कं व्हायला तीन-चार महिने, कधी जास्तही. तंबाखू-बिडी असेल तर आजच बंद करायला लावा, त्याने हाड जुळणं खरंच लांबतं. शुगर तपासा. पाय चोळून घेऊ नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

आणि सूज उतरायची वाट बघताना या दिवसांत इंजेक्शन देऊनही दुखणं वाढतच गेलं, बोटं हलवताना जीव जायची वेळ आली किंवा बोटं बधिर झाली, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी डॉक्टरांना उठवा, सकाळची वाट बघू नका.