वाचकांचे प्रश्न: रस्ता न फोडता जमिनीखालचे पाइप

मागच्या अंकात चर न खणता पाइप टाकण्याच्या पद्धतींचा ओझरता उल्लेख आला आणि त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शेवटचा आहे, गॅसच्या लाइनबद्दलचा, वेळ कमी असेल तर आधी तोच वाचा.

प्रश्न: घरासमोर रस्त्याच्या एका कडेला मशीन लावलं, पलीकडे एक खड्डा केला आणि मधला रस्ता न उकरता पाइप बरोबर त्या खड्ड्यात निघाला. जमिनीखाली दिसत तर काहीच नाही, मग हे जमतं कसं?

दिसत नाही पण कळत असतं. तुम्ही पाहिलं ते होरायझॉन्टल डिरेक्शनल ड्रिलिंग, साइटवर सगळे एचडीडीच म्हणतात. ड्रिलचं तोंड एका बाजूने तिरकं असतं आणि सगळी करामत त्या तिरकेपणात आहे. रॉड गोल फिरवत पुढे ढकलला की भोक सरळ जातं, फिरवणं थांबवून नुसता रेटला की तिरक्या बाजूवर माती दाबते आणि तोंड वळतं. तोंडाच्या मागे एक छोटा ट्रान्समीटर बसवलेला असतो आणि वर रस्त्यावर एक जण हातात लोकेटर घेऊन बरोबर त्याच्या डोक्यावरून चालत असतो, त्याला खोली दिसते, चढ-उतार दिसतो आणि तोंड कुठे वळलंय ते घड्याळाच्या काट्यासारखं दिसतं. बारावर ठेवून ढकललं की वर, सहावर खाली, तीनवर उजवीकडे. तो वॉकीटॉकीवर सांगतो "तीनवर घे, अर्धा रॉड ढकल" आणि मशीनवरचा माणूस तेवढंच करतो. मी पहिल्यांदा हे काम पाहिलं तेव्हा दिवसभर त्या लोकेटरवाल्याच्याच मागे फिरत होतो, मशीनकडे नंतर लक्ष गेलं.

हे पहिलं भोक बारीक असतं. पलीकडे निघालं की तिथे रीमर लावून मागे ओढत भोक मोठं करतात, साधारण पाइपच्या दीडपट, आणि मग एचडीपीईचा, म्हणजे मजबूत प्लास्टिकचा, पाइप आत ओढून घेतात. रीमर फिरतो पण पाइप फिरू नये म्हणून दोघांच्या मध्ये स्विव्हल असतो. पद्धत तशी फार जुनी नाही, 1971 मध्ये मार्टिन चेरिंग्टन यांनी कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिलजवळ पाहारो नदीच्या खालून अशी लाइन नेली, तिथून हे सुरू झालं असं मानतात.

प्रश्न: असंच काम चालू असताना रस्त्याच्या भेगेतून राखाडी चिखल वर आला. विषारी असतो का?

नाही. ते बेंटोनाइट, म्हणजे एक प्रकारची चिकणमातीच, पाण्यात कालवलेली. भोक ढासळू नये, कापलेली माती बाहेर यावी आणि पाइप सहज सरकावा म्हणून ती दाबाने आत सोडतात आणि दाब जास्त झाला की सोपी वाट सापडेल तिथून वर येते. पण म्हणून सोडून देऊ नका. ओढ्यात किंवा तळ्यात गेली तर तळाशी बसून तिथले जीव गुदमरवते, आणि रस्त्याखाली दाब चढला तर फरशा उचलल्या जातात. लगेच काम थांबवायला सांगा. चांगला ऑपरेटर आधीच ओळखतो, कारण मशीनकडे परत येणारा चिखल कमी होतो.

प्रश्न: मग सांडपाण्याच्या सगळ्या लाइनी एचडीडीने का टाकत नाहीत?

उतारामुळे. पिण्याचं पाणी, गॅस, केबल हे दाबाने किंवा ओढून जातं, लाइन थोडी वरखाली झाली तरी चालतं. सांडपाणी मात्र आपल्या वजनाने वाहतं. 1:200 उतार म्हणजे 10 मीटरला फक्त 5 सेंटीमीटर, आणि एचडीडीचं भोक मध्येच सात-आठ सेंटीमीटर खाली गेलं तर तिथे पोट तयार होतं, त्यात गाळ बसतो, आणि ती लाइन जन्मभर तुंबत राहते. मी अशी एक लाइन कॅमेऱ्यात पाहिलीय, नवीकोरी, पण कॅमेरा त्या जागेवर आला की बुडायचा, पुढे गेला की परत वर यायचा. तिला दुरुस्ती नव्हती, खोदूनच काढावी लागली.

अशा कामाला मायक्रोटनेलिंग. एका शाफ्टमध्ये, म्हणजे खोल उभ्या खड्ड्यात, जॅक लावून मागून पाइप ढकलतात, सगळ्यात पुढे माती कापणारं डोकं, मागून लेझरचा किरण त्या डोक्यावरच्या टार्गेटवर पडतो आणि वर केबिनमध्ये बसलेला ऑपरेटर तो ठिपका मध्यभागी ठेवत जातो. आत माणूस जात नाही, कापलेली माती पाण्यात मिसळून पाइपानेच बाहेर येते. 1970 च्या दशकात जपानमध्ये हे सुरू झालं. काम महाग आणि शाफ्टला जागा लागते, पण सपाट उतार काही सेंटीमीटरमध्ये सांभाळायचा असेल तर मी तरी दुसरं सुचवणार नाही.

प्रश्न: आमच्या इमारतीची जुनी ड्रेनेज लाइन जॉइंटला फुटलीय, झाडाची मुळं आत आलीत. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो आतून लायनर टाकू, खोदायची गरज नाही. पण पाइपात पाइप म्हणजे आतली जागा कमी, मग पाणी तुंबणार नाही का? (हा प्रश्न तीन जणांनी विचारलाय)

शंका रास्त आहे, हिशोब करून बघू. आतून 300 मिलिमीटरचा काँक्रीटचा पाइप आणि 6 मिलिमीटरचं लायनर, म्हणजे उरले 288. नुसत्या आकाराने वाहण्याची क्षमता साधारण दहा टक्के घटते. पण जुनं काँक्रीट खरखरीत असतं आणि लायनर गुळगुळीत, तो फरक धरला की क्षमता जवळपास होती तेवढीच राहते, कधी किंचित वाढतेही. त्यामुळे जागेची काळजी नको.

काळजी दुसऱ्या गोष्टींची करा. लायनर म्हणजे रेझिनमध्ये, म्हणजे नंतर कडक होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवलेला फेल्टच्या जाड कापडाचा लांबलचक मोजा. तो पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने उलटा होत होत आत जातो, रेझिनची बाजू जुन्या पाइपला चिकटते आणि मग गरम पाणी, वाफ किंवा अल्ट्राव्हायोलेट दिव्याने तो कडक करतात. एरिक वूड यांनी 1971 मध्ये लंडनच्या हॅकनी भागातल्या विटांच्या जुन्या गटारात हे पहिल्यांदा केलं. आता लक्षात घ्या, मोजा जसा पाय तसा बसतो. जुना पाइप मध्ये खचला असेल तर लायनरही तसंच खचलेलं बसणार, ढासळून बंद झाला असेल तर मोजा पलीकडे जाणारच नाही. भेगा, गळके जॉइंट, मुळं यावर उत्तम उपाय आहे, उतार बिघडलेल्या लाइनवर नाही. आणि मुळं आधी कापून लाइन पूर्ण धुवावी लागते, नाहीतर लायनरमध्ये कायमची गाठ राहते.

म्हणून कोटेशनच्या आधी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागा आणि स्वतः बसून बघा. प्रत्येक घराची जोडणी कितव्या मीटरला आहे ते लिहून घ्या, कारण लायनर बसलं की त्या सगळ्या जोडण्या झाकल्या जातात आणि आत सोडलेला छोटा रोबो एकेक शोधून कापून उघडतो. ज्या जोडणीची नोंद नाही ती राहून जाऊ शकते, आणि मग त्या घरचं पाणी रात्री उलटं बाथरूममध्ये येतं. हे मी पाहिलंय, त्या घरात एक आजारी आजी होत्या, आणि चूक होती फक्त कागदावर न लिहिलेल्या एका आकड्याची.

काम चालू असताना काही तास कोणीही नळ सोडायचा नाही. पॉलिएस्टर रेझिन असेल तर स्टायरिनचा उग्र वास येतो, आदल्या दिवशी सगळ्या ट्रॅपमध्ये, म्हणजे बेसिन-मोरीखालच्या पाणी साठणाऱ्या वाकात, पाणी ओतून ठेवा म्हणजे तो घरात शिरणार नाही. तरी शिरलाच तर खिडक्या उघडून बाहेर पडा आणि कॉन्ट्रॅक्टरला लगेच कळवा, सहन करत बसू नका.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगला आहे. पाइप बर्स्टिंग आणि लायनिंगमध्ये निवड कशी करायची?

जुना पाइप मोठा करायचाय का, हा पहिला प्रश्न. बर्स्टिंगमध्ये शंकूसारखं डोकं जुन्या पाइपातून ओढत नेतात, ते पाइप फोडून तुकडे बाजूच्या मातीत दाबतं आणि मागून नवा एचडीपीईचा पाइप येतो, एक-दोन साइझ मोठाही बसतो. 1970 च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये बिडाच्या गॅस लाइनी बदलायला हे काढलं. मात्र बाजूला सरकलेली माती कुठेतरी जाणार, लाइन उथळ असेल तर रस्ता फुगतो, शेजारी दुसरी लाइन चिकटून असेल तर तीही फुटते. आणि प्रत्येक घरजोडणीला छोटा खड्डा घ्यावाच लागतो, त्यामुळे दर दोन मीटरला जोडणी असेल तर न खोदण्याचा फायदा कुठे राहिला ते आधी मोजून बघा.

प्रश्न: काही महिन्यांपूर्वी आमच्या गल्लीत न खोदता गॅसची लाइन टाकली. आता आमचं ड्रेनेज तुंबलंय, प्लंबर फिरत्या ब्लेडचं मशीन घालून साफ करतो म्हणतो. करू देऊ का?

नाही. आज नाही, कॅमेरा घालून बघेपर्यंत नाही. एचडीडीचं, म्हणजे रस्ता न खोदता मारलेलं, भोक जाताना वाटेत नोंद नसलेला सांडपाण्याचा पाइप आला तर ते सरळ त्याच्या आरपार जाऊ शकतं, गॅसचा पाइप आतून ओढला जातो, आणि वर कोणालाही काही कळत नाही. याला क्रॉस बोअर म्हणतात. गॅस गळत नसतो, पाणीही बाजूने जात राहतं, महिने, कधी वर्षं. मग त्या पाइपाला कागद, कपडा, चरबी अडकत जाते आणि लाइन तुंबते. प्लंबरला वाटतं मुळं असतील, तो ब्लेड फिरवतो, प्लास्टिकचा गॅस पाइप सहज कापला जातो आणि गॅस ड्रेनेजमधून थेट घरात येतो. अशा स्फोटांत माणसं गेलीयत.

तेव्हा आधी गॅस कंपनीच्या इमर्जन्सी नंबरवर फोन करा, तुंबलंय आणि जवळून तुमची लाइन गेलीय एवढं सांगितलं तरी पुरे. कॅमेऱ्यात आडवा गेलेला गुळगुळीत पाइप दिसला तर त्याला कशानेही हात लावायचा नाही, मॅनहोलमधून काठीनेही नाही. प्लंबरने आधीच मशीन घातलं असेल आणि मॅनहोलवर किंवा टॉयलेटमध्ये बुडबुडे, वास असं काही असेल तर दिव्याचं बटणसुद्धा न दाबता सगळ्यांना बाहेर काढा, शेजाऱ्यांनाही, आणि फोन लांब गेल्यावर करा.