जुन्या मोटरहोमची झिरपणारी खिडकी

प्रश्न : आमच्या जुन्या मोटरहोमच्या खिडकीखालची भिंत पावसानंतर ओलसर होते. चौकटीभोवती बाहेरून सिलिकॉन भरले, तरी उपयोग झाला नाही. खिडकी काढावीच लागेल का?

उत्तर : होय; कारण बाहेरचे सिलिकॉन चौकटीमागच्या, पाणी अडवणाऱ्या पण आता वाळून तडकलेल्या थरापर्यंत पोहोचत नाही, उलट आत शिरलेले पाणी कोंडून ठेवते. आतले स्क्रू काढून, बाहेरून कोणाला तरी खिडकी धरायला सांगून, प्लास्टिकच्या पट्टीने चौकट सावकाश सैल करा. पुढे मात्र घाई नको : भिंतीतले लाकूड टोचून पाहा, मऊ लागल्यास बदला, ओले असल्यास पूर्ण वाळू द्या. जुने सिलिकॉन संपूर्ण खरवडा, पण अॅक्रिलिकच्या खिडकीला अॅसिटोन लावू नका, तिला बारीक तडे जातात. चौकटीला नवी ब्यूटाइल टेप (चिकट, मऊ रबरी पट्टी) लावा, तिचा जोड खालच्या कडेला ठेवा आणि खिडकी परत बसवा. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा आणि दोन दिवसांनी पुन्हा तपासा.