टॅबलेट असताना इंटिरियर डिझायनरने हाताने स्केच काढायला शिकायची खरंच गरज आहे का?

तुम्ही पहिल्या वर्षाला आहात आणि सर दर आठवड्याला वहीभर स्केचेस मागतात, म्हणून वैतागून विचारलंयत. काढा. मी ठाण्यात घरांचं इंटिरियर करतो. रोजचं काम ऑटोकॅड आणि स्केचअप या सॉफ्टवेअरवरच चालतं, तेव्हा हे 'आमच्या वेळी' छाप रडगाणं नाही.

घोडबंदर रोडच्या एका टू बीएचकेचं थ्रीडी घेऊन गेलो होतो. घरच्यांनी अर्धा तास घालवला सोफ्यामागच्या कुंडीवर. ती कुंडी मी थ्रीडी मॉडेल्सच्या फुकटच्या लायब्ररीतून उचलून ठेवलेली! चित्र इतकं पक्कं दिसत होतं की यात काही हलवता येतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. शेवटी लाइट बिलाच्या मागे बॉलपेनने ओटा, सिंक, फ्रिज असे नुसते चौकोन काढले. काकूंनी माझ्या हातातलं पेनच घेतलं, फ्रिजवर काट मारली आणि म्हणाल्या, "हा इथे आला तर मी पोळ्या कुठे लाटू?" माउस असा कुणी हातातून काढून घेत नाही.

शिवाय स्क्रीनवर झूम करत गेलं की दोन फुटांचा ओटा आणि नऊ इंचांचं शेल्फ सारखंच वाटायला लागतं. कागदावर ही फसगत कमी होते.

चित्रकला चांगली लागते असं नाही. मला इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेत सी ग्रेड होती.

सरावाला नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये जा. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात बांधलेली वसाहत. ८ बाय ८ मीटरच्या एकेका अंगणाभोवती सात घरं, आणि शेजाऱ्यांची भिंत सामाईक नाही, म्हणजे ज्याला जसं जमेल तसं घर वाढवता यावं. लोकांनी वाढवलंही. मूळचं कुठे संपतं आणि नंतरचं कुठे सुरू होतं, तेवढंच काढा. फोटो काढून मी तिथून दोनदा परत आलो होतो, काही कळलं नव्हतं. पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा जुन्या उतरत्या छपराची रेघ एका नव्या स्लॅबमध्ये घुसून गायब झालेली दिसली.

बसण्याआधी तिथल्या लोकांना विचारा मात्र. मला एका आजोबांनी "म्युनिसिपालिटीतून आलात का?" म्हणून हटकलं होतं. वही दाखवली तेव्हा निवळले आणि स्लॅबवर बोट ठेवून म्हणाले, "ही खोली मुलाच्या लग्नात काढली. जिना राहिलाय तुमचा, तो मागून आहे."