लिंबू-मिरची बांध, टायरही बघ

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घाल, नारळ वाढव, लिंबू-मिरची बांध. मीही दरवर्षी मनापासून करतो. फक्त लिंबू-मिरची हँडल वळताना केबलमध्ये अडकणार नाही अशी बांध, आणि पूजा झाली की हार काढ. सुटलेला दोरा चाकात गुंततो.

खरं भ्यायचं ते पहिल्या पावसाला. जूनमध्ये रस्त्यावर साचलेलं तेल वर येतं, त्यात कडेची तांबडी माती वाहून आली की चोर्ला घाटातल्या वळणांवर टायर साबणावरून गेल्यासारखा सरकतो. मी तिथे पडलोय, कोपरावर वण आहे अजून. वेग वळणाआधीच कमी कर, वळणात पुढचा ब्रेक करकचून दाबू नकोस. भिजून घरी आलास की चेन पुसून तेल घाल, त्याच रात्री.