चिकटपट्टीखालची बटणं

रामबाग, इंदूर

प्रिय बेटा,

शनिवारी तू दाखवलेलं यंत्र डोळ्यांसमोरून हलत नाही. कांद्याचा भाव, वजनाचा हिशोब, हवामान, उधारीची वही, वर कर्जाचा अर्जसुद्धा, सगळं एका डबीत. काम फार सफाईचं केलं आहेस. पण तू गेल्यावर मला सिंप्युटर आठवत राहिला.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोअर कंपनीची मंडळी यांनी तो घडवला. तळहातावर मावणारा, लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीवर चालणारा संगणक. लेखणीने पडद्यावर लिहायचं, आणि अक्षरओळख नसलेल्यालाही वापरता यावा म्हणून तो मजकूर आपल्या भाषेत वाचून दाखवायचा. गावाने मिळून एकच घ्यावा, ज्याने त्याने आपलं स्मार्टकार्ड घालून आपली माहिती उघडावी, अशी योजना होती. ही कल्पना मला आजही फार मोठी वाटते. 2004 साली बाजारात आलेल्या अमिडा सिंप्युटरमध्ये तर नुसतं मनगट झटकलं की पान उलटायचं. आयफोन यायला तेव्हा तीन वर्षं होती!

किंमत मात्र दहा हजारांच्या घरात सुरू व्हायची. पहिल्या वर्षात 50,000 विकायचा बेत होता. 2005 पर्यंत सुमारे 4,000 गेले. त्याच सुमारास, 2003 मध्ये, नोकिया 1100 हा साधा मोबाइल आला होता. बोलणं, निरोप, टॉर्च आणि धूळ आत जाऊ न देणारी बटणं. जगभरात 25 कोटींच्या वर खपला. सिंप्युटरवाल्यांची बुद्धी कमी पडली असं मी कुणाला म्हणू देणार नाही. पण माणसाला आधी घरच्यांशी बोलायचं होतं.

आता माझं सांगतो. मंडीतले इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करण्यात माझी उमर गेली. एकदा मी स्वतः काटा बनवला, सोळा बटणांचा: भाव, हमाली, कटौती, मागच्या पावत्या, सगळं त्यात. एका आडत्याकडे बसवला. महिन्याने गेलो, तर मुनीमजींनी चौदा बटणांवर काळी चिकटपट्टी लावलेली. शून्य करायचं आणि पावती काढायचं, एवढी दोन उघडी. लिलावाच्या गर्दीत बोट भलतीकडे पडलं की ट्रॉलीचा हिशोब चुकायचा, शेतकरी भडकायचा. मी पट्टी काढू लागलो तर त्यांनी माझा हात धरला. त्या दोन बटणांवर कांद्याच्या सालीची धूळ बसून बोटाचा खळगा पडला होता. फार वाईट वाटलं मला, आणि तेव्हाच नवा काटा करायला घेतला.

म्हणून कर्जाचा अर्ज आधी काढ. उधारीची वहीही काढ. ती आडत्यांकडे लाल कापडात बांधलेली असते आणि कधी बंद पडत नाही. वजन आणि भाव ठेव. त्यातलंही एक काढावं लागेल, पण कोणतं ते तू ठरवू नकोस, मीही ठरवणार नाही.

गुरुवारी सकाळी सहाला चोइथराम मंडीच्या फाटकावर ये. यंत्र आण, चार्जर आणू नकोस. ते मुनीमजींच्या हातात द्यायचं आणि लिलाव संपेपर्यंत तू एक शब्दही बोलायचा नाहीस. काळ्या पट्टीचं रीळ मी आणतो.

तुझा,
काका