नेफा कुठे गेला?

प्रश्न : वडिलांच्या शालेय नकाशात आसामच्या वर ‘नेफा’ असे छापलेले आहे. १९६२च्या युद्धाच्या आठवणी निघाल्या की घरात हेच नाव येई. हा प्रदेश म्हणजेच अरुणाचल का? तेथील जिल्ह्यांना नद्यांची नावे का आहेत? (एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर)

उत्तर : होय, तोच. ‘नॉर्थ-ईस्ट फ्रंटियर एजन्सी’च्या आद्याक्षरांतून ‘नेफा’ झाले आणि १९५४ पासून कागदोपत्री हेच नाव होते. घटनेनुसार हा मुलूख आसामचाच. परंतु आसामचे राज्यपाल तेथे राष्ट्रपतींचे प्रतिनिधी म्हणून कारभार पाहत आणि १९६५ पर्यंत तो परराष्ट्र खात्याच्या अखत्यारीत होता. आपल्याच देशाचा एक भाग परराष्ट्र खात्याकडे असावा, हे आज चमत्कारिक वाटेल. पण तिबेट, भूतान आणि ब्रह्मदेश या तिन्ही सीमा येथे लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यामागचे कारण उमगते.

नद्यांच्या नावांचे उत्तर भूगोलात आहे. आपल्याकडे तालुक्याला कागल, पन्हाळा असे गावाचे किंवा गडाचे नाव मिळते, कारण कारभाराचे ठाणे तेथे पूर्वीपासून होते. तिकडे तशी मोठी ठाणी फारशी नव्हती. हिमालयातून निघालेल्या नद्या खोल दऱ्या कोरत दक्षिणेकडे उतरतात, त्यामुळे एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात जायचे, तर बहुधा आधी आसामच्या मैदानात उतरून पुन्हा वर चढावे लागे. साहजिकच खोरे हाच कारभाराचा घटक ठरला. तुएनसांग विभाग १९५७ मध्ये नागा टेकड्यांना जोडला गेल्यावर कामेंग, सुबनसिरी, सियांग, लोहित आणि तिरप हे पाच विभाग उरले, पाचही नद्याच. यांतील सियांग म्हणजे तिबेटातून येणारी त्सांगपो. तीच आसामात ब्रह्मपुत्रा होते. पुढे या विभागांचे जिल्हे झाले, जिल्ह्यांचीही विभागणी झाली, तरी ‘पश्चिम कामेंग’सारख्या नावांत नदी टिकून राहिली.

प्रदेश केवढा, तर ८३,७४३ चौरस किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या जवळजवळ अकरा पट; लोकसंख्या मात्र २०११च्या जनगणनेत १४ लाखांच्या आत, आपल्या जिल्ह्याच्या निम्मीही नाही.

‘अरुणाचल प्रदेश’ हे नाव २१ जानेवारी १९७२ रोजी केंद्रशासित दर्जासोबत आले आणि २० फेब्रुवारी १९८७ रोजी तो राज्य झाला. वडिलांच्या नकाशात इटानगर मात्र शोधू नये. नेफाचा कारभार शिलाँगहून चाले, राजधानी इटानगरला आली ती १९७४ मध्ये.